सामाजिक चिंता विकारावरील उपचार

सामाजिक चिंता विकार (सामाजिक भयगंड) हा चिंता विकारांच्या गटातील एक मानसिक आजार आहे. चारचौघांत बोलताना, वागताना किंवा नुसते उपस्थित असताना इतर लोक आपले परीक्षण करीत आहेत, आपली फजिती होईल, या तीव्र व सततच्या भीतीला या विकारात केंद्रस्थान असते. त्यावर मानसोपचार आणि औषधोपचार असे दोन मुख्य उपचार उपलब्ध आहेत. मानसोपचारांत बोधात्मक वर्तन उपचार, तर औषधांत सेरोटोनिनवर कार्य करणारी नैराश्यरोधी औषधे सर्वाधिक अभ्यासली गेली आहेत. योग्य उपचारांनी बहुसंख्य रुग्णांच्या त्रासात घट होते. मात्र हा आजार 'स्वभाव' समजला जात असल्याने अनेक जण उपचारांपर्यंत पोहोचत नाहीत. महाराष्ट्रातील जव्हार व मोखाडा (पालघर जिल्हा) यांसारख्या दुर्गम आदिवासी तालुक्यांत अंतर, स्थलांतर व भाषा यांमुळे ही अडचण अधिक वाढते.

स्वरूप आणि निदान

बुजरेपणा, भिडस्तपणा किंवा सभाधीटपणाचा अभाव म्हणजे हा विकार नव्हे. भीती प्रत्यक्ष धोक्याच्या मानाने अवाजवी असणे, ती साधारणपणे सहा महिने किंवा अधिक काळ टिकणे, आणि तिच्यामुळे शिक्षण, नोकरी, नातेसंबंध किंवा दैनंदिन व्यवहार यांत लक्षणीय अडथळा येणे, या बाबी निदानासाठी आवश्यक मानल्या जातात. छातीत धडधड, चेहरा लाल होणे, घाम, हातांना कंप, आवाज कापणे, तोंडाला कोरड पडणे ही शारीरिक लक्षणे आढळतात. काही रुग्णांना केवळ भाषण किंवा सादरीकरण यांचीच भीती वाटते. काहींना अनोळखी व्यक्तीशी बोलणे, इतरांसमोर जेवणे, लिहिणे, वरिष्ठांना प्रश्न विचारणे अशा बहुतेक सर्व प्रसंगांची भीती वाटते.

हा विकार बहुधा पौगंडावस्थेत किंवा त्याआधी सुरू होतो. आनुवंशिकता, जन्मजात संकोची प्रकृती, बालपणातील अपमान किंवा छळाचे अनुभव आणि कुटुंबातील वातावरण यांचा त्याच्या उत्पत्तीत वाटा असतो. नैराश्य, इतर चिंता विकार आणि मद्याचे व्यसन ही त्याच्या सोबत आढळणारी प्रमुख दुखणी होत. समारंभापूर्वी 'धीर येण्यासाठी' मद्य घेण्याच्या सवयीतून व्यसन जडू शकते. म्हणून उपचारांपूर्वी मद्यपानाविषयी विचारणा करणे आवश्यक ठरते. थायरॉइड ग्रंथीचा अतिरेकी स्राव, कंपवात, तोतरेपणा अशा कारणांनी दिसणारी लक्षणेही वेगळी ओळखावी लागतात.

तीव्रता मोजण्यासाठी लिबोविट्झ सामाजिक चिंता मापनश्रेणी वापरली जाते. तिच्यात २४ प्रसंग असून प्रत्येकासाठी भीती व टाळाटाळ यांना स्वतंत्र गुण दिले जातात. एकूण गुण ० ते १४४ असतात. उपचारांचा परिणाम जोखण्यासाठीही हीच श्रेणी उपयोगी पडते.

इतिहास

फ्रेंच मानसशास्त्रज्ञ प्येर जाने यांनी १९०३ मध्ये सामाजिक प्रसंगांच्या भीतीचे वर्णन केले. १९६६ मध्ये ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ आयझॅक मार्क्स व मायकेल गेल्डर यांनी ही भीती इतर भयगंडांपासून वेगळी असल्याचे दाखविले. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या निदानपुस्तिकेच्या तिसऱ्या आवृत्तीत (१९८०) 'सामाजिक भयगंड' या नावाने तिला स्वतंत्र स्थान मिळाले. मायकेल लिबोविट्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये या दुर्लक्षित विकाराकडे लक्ष वेधल्यानंतर औषधांच्या चाचण्यांना वेग आला. १९९५ मध्ये डेव्हिड क्लार्क व एड्रियन वेल्स यांनी, तर १९९७ मध्ये रोनाल्ड रेपी व रिचर्ड हाइमबर्ग यांनी या भीतीची बोधात्मक उपपत्ती मांडली. आजचे बहुतेक मानसोपचार या दोन मांडण्यांवर उभे आहेत. १९९९ मध्ये पॅरोक्सेटीन या औषधाला अमेरिकेत या विकारासाठी मान्यता मिळाली.

मानसोपचार

बोधात्मक वर्तन उपचार

क्लार्क-वेल्स उपपत्तीनुसार भीतीच्या प्रसंगी रुग्णाचे लक्ष समोरच्या व्यक्तीऐवजी स्वतःकडे वळते. आतून जाणवणारी धडधड, कंप यांवरून तो 'मी इतरांना असाच हास्यास्पद दिसत असणार' असा निष्कर्ष काढतो. नजर चुकविणे, वाक्य मनात घोकणे, कंप लपविण्यासाठी पेला घट्ट धरणे, अशा बचावात्मक सवयींचा तो आधार घेतो. फजिती झाली नाही तरी तिचे श्रेय या सवयींना जाते. परिणामी भीती खोटी ठरण्याची संधीच मिळत नाही. प्रसंग संपल्यावर घडलेल्या गोष्टींची मनात पुनःपुन्हा उजळणी होते आणि पुढच्या प्रसंगाची धास्ती वाढते.

उपचारात ही साखळी पुढील पद्धतींनी तोडली जाते :

* लक्ष स्वतःवरून काढून संभाषणाकडे व परिसराकडे वळविण्याचा सराव.
* बचावात्मक सवयी सोडून प्रसंगाला सामोरे जाणे आणि 'काय होईल असे वाटले' व 'प्रत्यक्षात काय झाले' यांची तुलना करणे. याला वर्तनप्रयोग म्हणतात.
* स्वतःचे चित्रीकरण पाहणे. आपला कंप किंवा गोंधळ आपल्याला वाटतो तितका इतरांना दिसत नाही, हे बहुतेकांच्या यातून लक्षात येते.
* भीतीच्या प्रसंगांची सोप्याकडून अवघडाकडे जाणारी पायरी तयार करून तिच्यावर क्रमाने चढणे.

क्लार्क यांच्या पद्धतीत सुमारे चार महिन्यांत ९० मिनिटांची १४ सत्रे होतात. ब्रिटनमधील नाइस या संस्थेने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत प्रौढांसाठी वैयक्तिक बोधात्मक वर्तन उपचाराला प्रथम पसंती देण्यात आली. १०१ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या २०१४ च्या विश्लेषणातही हाच उपचार सर्वाधिक परिणामकारक ठरला. मानसोपचारांचा लाभ उपचार संपल्यावरही टिकतो, हा औषधांच्या तुलनेत त्यांचा विशेष मानला जातो.

समूह उपचार आणि स्वमदत

हाइमबर्ग यांची पद्धती मूळची समूहासाठी आखलेली आहे. समूहात सरावासाठी श्रोते आयतेच मिळतात आणि एका उपचारकाला अनेक रुग्ण पाहता येतात. परंतु समूहात बसणे हीच भीती असल्याने काही जण येण्याचे टाळतात. उपचारकाच्या मर्यादित मदतीने पुस्तक किंवा आंतरजाल यांच्या आधारे करावयाचे बोधात्मक उपचारही उपयुक्त ठरल्याचे स्वीडन व ऑस्ट्रेलियातील अभ्यासांत आढळले आहे.

विवेकनिष्ठ वर्तनोपचार

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ मध्ये मांडलेली ही पद्धती महाराष्ट्रात विशेष परिचित आहे. 'सर्वांनी मला चांगले म्हटलेच पाहिजे, अन्यथा मी कुचकामी' यांसारखे हट्टाग्रही समज भीतीला कारणीभूत असतात, असे ती मानते. एलिस यांनी स्वतः सांगितल्याप्रमाणे, तरुणपणी स्त्रियांशी बोलण्याची भीती घालविण्यासाठी त्यांनी न्यूयॉर्कमधील ब्राँक्स वनस्पती उद्यानात महिनाभरात शंभरावर अनोळखी स्त्रियांशी बोलण्याचा प्रयत्न केला. भेट ठरली ती एकीशीच, आणि तीही आली नाही. तथापि नकारामुळे काही भयंकर घडत नाही, हे त्यांना उमगले. जाणूनबुजून थोडे हास्यास्पद वागून पाहण्याचे 'लज्जाविरोधी' स्वाध्याय या पद्धतीत दिले जातात. महाराष्ट्रात या पद्धतीच्या अध्यापन व प्रसारात कि. मो. फडके यांचा मोठा वाटा आहे. अंजली जोशी यांनी एलिस यांच्या जीवनावर मराठीत 'मी अल्बर्ट एलिस' ही कादंबरी लिहिली आहे.

इतर पद्धती

मनोगतिकीय उपचारही काही प्रमाणात परिणामकारक आहेत. जर्मनीतील ४९५ रुग्णांच्या चाचणीत (२०१३) बोधात्मक उपचाराने सुमारे ६० टक्के, मनोगतिकीय उपचाराने सुमारे ५२ टक्के, तर प्रतीक्षायादीवरील सुमारे १५ टक्के रुग्णांना लक्षणीय उतार पडला. श्वसन, शिथिलीकरण, योगासने व नियमित व्यायाम यांचा सहायक म्हणून उपयोग होतो. प्रसंगांना सामोरे जाण्याच्या सरावाची जागा ते घेऊ शकत नाहीत.

औषधोपचार

मानसोपचार उपलब्ध नसल्यास, रुग्णाला तो नको असल्यास, त्याने पुरेसा उतार न पडल्यास किंवा सोबत नैराश्य असल्यास औषधांचा विचार होतो. मात्रा ठरविणे, बदलणे व थांबविणे हे वैद्यकीय देखरेखीखालीच केले जाते.

* एसएसआरआय गट : एस्सिटॅलोप्रॅम, सर्ट्रालीन, पॅरोक्सेटीन, फ्लूवॉक्झामीन. प्रौढांत औषधोपचाराची सुरुवात सामान्यतः याच गटाने होते. एस्सिटॅलोप्रॅमचा भारताच्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषध सूचीत समावेश आहे.
* व्हेन्लाफॅक्सीन : परिणामकारकता एसएसआरआयच्या तोडीची, रक्तदाबावर लक्ष ठेवावे लागते.
* प्रोप्रॅनोलॉल : धडधड व कंप कमी करणारे औषध. भाषण किंवा सादरीकरणापूर्वी एखाद्या वेळी दिले जाते. सर्वसाधारण सामाजिक चिंतेत त्याचा उपयोग सिद्ध झालेला नाही. दमा असलेल्यांना ते देत नाहीत.
* बेंझोडायझेपिन गट : क्लोनाझेपाम, अल्प्राझोलाम इत्यादी. उतार लवकर पडतो. पण गुंगी, अवलंबित्व व मद्यासह घेतल्यास श्वसन मंदावण्याचा धोका यांमुळे नियमित वापर टाळला जातो.
* मोनोअमाइन ऑक्सिडेझ रोधक : फेनेल्झीन परिणामकारक असले तरी आहाराची कडक पथ्ये व औषधांच्या आंतरक्रिया यांमुळे ते क्वचितच वापरतात.

एसएसआरआय औषधांचा गुण दिसण्यास काही आठवडे लागतात. पूर्ण परिणाम जोखण्यासाठी १२ आठवड्यांपर्यंत वाट पाहावी लागू शकते. मळमळ, डोकेदुखी, झोपेतील बदल व सुरुवातीची अस्वस्थता बहुधा पहिल्या काही आठवड्यांत ओसरते. कामेच्छेतील घट मात्र टिकून राहू शकते. सुमारे निम्म्या रुग्णांना पहिल्या औषधाने चांगला उतार पडतो. गुण आल्यावर औषध आणखी किमान सहा महिने चालू ठेवण्याचा आणि नंतर हळूहळू कमी करण्याचा सल्ला दिला जातो. एकाएकी बंद केल्यास चक्कर, चिडचिड, झिणझिण्या अशी लक्षणे उद्भवतात. पॅरोक्सेटीन व व्हेन्लाफॅक्सीनच्या बाबतीत ती अधिक आढळतात.

तरुण वयात या औषधांच्या प्रारंभी आत्मघाती विचार वाढण्याची शक्यता असल्याने अमेरिकी औषध प्रशासनाने २००४ मध्ये मुलांसाठी ठळक इशारा लागू केला व २००७ मध्ये तो २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांपर्यंत वाढविला. वेदनाशामक ट्रॅमाडॉल आणि औषधरोधी क्षयरोगात दिले जाणारे लिनेझोलिड यांच्यासह एसएसआरआय घेतल्यास सेरोटोनिन अतिरेकाची गंभीर अवस्था उद्भवू शकते. म्हणून चालू असलेल्या सर्व औषधांची माहिती डॉक्टरांना देणे आवश्यक असते.

मुले आणि किशोरवयीन

नाइसच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मुलांना या विकारासाठी नेहमीचा उपचार म्हणून औषधे देऊ नयेत. पालकांच्या सहभागासह बोधात्मक वर्तन उपचार द्यावेत. कॅरी मासिया वॉर्नर यांनी अमेरिकेत विकसित केलेल्या शालेय कार्यक्रमात १२ समूहसत्रे, दोन वैयक्तिक भेटी, समवयस्कांसोबतचे चार सामाजिक उपक्रम आणि पालक व शिक्षकांच्या बैठका यांचा समावेश आहे. प्रशिक्षित शालेय समुपदेशकांनी दिलेला हा कार्यक्रमही परिणामकारक ठरला. तज्ज्ञांची उणीव असलेल्या प्रदेशांच्या दृष्टीने हा निष्कर्ष महत्त्वाचा आहे.

महाराष्ट्रातील उपचारव्यवस्था

ठाणे (स्थापना १९०१), पुणे, नागपूर व रत्नागिरी येथे शासकीय प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. तथापि सामाजिक चिंतेच्या रुग्णास सहसा भरती व्हावे लागत नाही. बाह्यरुग्ण विभाग, जिल्हा रुग्णालय किंवा खाजगी मनोविकारतज्ज्ञ पुरेसे असतात. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ मध्ये, तर त्याचा भाग असलेला जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ मध्ये सुरू झाला. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये स्थापन केलेल्या इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ या संस्थेने मराठीतून मानसिक आरोग्याच्या लोकशिक्षणाचे काम केले आहे.

मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ च्या कलम १८ नुसार शासकीय यंत्रणेकडून मानसिक आरोग्यसेवा मिळविण्याचा प्रत्येकास हक्क आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी व उपचार निःशुल्क करण्यात आले. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या टेली-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीसह अनेक भारतीय भाषांत दूरध्वनीवरून समुपदेशन मिळते. समोरासमोर बोलण्याची भीती असलेल्या काहींना दूरध्वनी हा सोपा पहिला टप्पा वाटतो. काहींना मात्र दूरध्वनीचीच भीती असते.

जव्हार आणि मोखाडा तालुक्यांतील संदर्भ

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या पालघर जिल्ह्याच्या पूर्व भागात, सह्याद्रीच्या डोंगराळ पट्ट्यात हे तालुके येतात. २०११ च्या जनगणनेनुसार जव्हार तालुक्याची लोकसंख्या १,४०,१८७ व मोखाड्याची ८३,४५३ होती. दोन्हींत अनुसूचित जमातींचे प्रमाण ९० टक्क्यांहून अधिक आहे. वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी व कातकरी हे येथील प्रमुख समाज होत. जव्हारचे पतंगशाह कुटीर रुग्णालय, मोखाड्याचे ग्रामीण रुग्णालय आणि जामसर, साखरशेत, खोडाळा आदी ठिकाणची प्राथमिक आरोग्य केंद्रे ही येथील सार्वजनिक आरोग्यव्यवस्था आहे. १९९२-९३ मधील वावर-वांगणी येथील बालमृत्यूंनंतर या भागाच्या आरोग्याची चर्चा प्रामुख्याने कुपोषण व माता-बालसंगोपन यांभोवती राहिली. त्या मानाने मानसिक आरोग्य हा विषय मागे पडला.

निदान करताना येथे विशेष सावधगिरी लागते. घरी वारली, कोकणा किंवा ठाकरी बोलणारे मूल शाळेत प्रमाण मराठीसमोर गप्प बसले, तर तो आजार असेलच असे नाही; बोलीला हसले जाण्याची भीती प्रत्यक्ष अनुभवातूनही आलेली असू शकते. अशा वेळी चिडवणे थांबविणे व बोलीला वर्गात मान देणे हाच पहिला उपाय ठरतो. तेच मूल आपल्या पाड्यावर, आपल्या बोलीतही समवयस्कांशी बोलणे टाळत असेल, तर विकाराची शक्यता तपासावी लागते. त्रासाचे मूळ दैवी मानून भगताकडे जाण्याची प्रथाही आहे. कुटुंबाची श्रद्धा न दुखावता सोबत वैद्यकीय सल्ला घेण्यास सुचविल्यास उपचार सुरू होण्याची शक्यता वाढते.

उपचारांच्या आखणीत स्थलांतर हा निर्णायक घटक आहे. भातकापणी व दिवाळीनंतर अनेक कुटुंबे वीटभट्ट्या व बांधकामांच्या कामासाठी भिवंडी, वसई, ठाणे परिसरात जातात आणि पावसाळ्यापूर्वी परततात. श्रावणात सुरू झालेले एसएसआरआय औषध ऐन गुण येण्याच्या काळात तुटले, तर पूर्वीचा त्रास परततो व औषध बंद केल्याची लक्षणेही उद्भवतात. म्हणून निघण्यापूर्वी पुरेशा गोळ्या, मात्रा लिहिलेला कागद आणि कामाच्या ठिकाणाजवळील शासकीय रुग्णालयाची माहिती देणे आवश्यक ठरते. ज्यांना सलग औषध मिळण्याची खात्री नाही, त्यांच्यासाठी हंगामाच्या आत पूर्ण होणारा मानसोपचार अधिक सोयीचा असतो.

सामोरे जाण्याच्या सरावासाठी स्थानिक प्रसंग वापरता येतात. आश्रमशाळेतील विद्यार्थ्यासाठी हजेरीला मोठ्याने उत्तर देणे, मित्राच्या देखत शिक्षकांना शंका विचारणे, एस.टी. स्थानकावर गाडीची चौकशी करणे, आठवडे बाजारात भाव विचारणे आणि शेवटी परिपाठात वाचन करणे अशी पायरी रचता येते. प्रौढांसाठी ग्रामसभेत बोलणे ही वरची पायरी ठरते. हे तालुके अनुसूचित क्षेत्रात असल्याने पेसा कायद्यानुसार (१९९६) ग्रामसभेला विशेष अधिकार आहेत, आणि वनहक्काचे दावेही तिच्यामार्फतच पुढे जातात. त्यामुळे सभेत तोंड न उघडू शकणाऱ्या व्यक्तीचे नुकसान मानसिक त्रासापुरते राहत नाही. जमिनीच्या हक्कापर्यंत पोहोचू शकते.

तज्ज्ञांची उणीव भरून काढण्यासाठी प्रशिक्षित स्थानिक व्यक्तींकडून समुपदेशन हा मार्ग पुढे आला आहे. गोव्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत 'संगत' संस्थेच्या सहभागाने झालेल्या मानस चाचणीत (२०१०) सामान्य प्रशिक्षित समुपदेशकांच्या मदतीने चिंता व नैराश्याच्या रुग्णांना लाभ झाला. पुण्याच्या आयएलएस विधी महाविद्यालयातील मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्राचा 'आत्मीयता' हा उपक्रम जव्हार-मोखाड्याला लागून असलेल्या नाशिक जिल्ह्यातील गावांत प्रथम राबविण्यात आला. त्यात गावातीलच स्वयंसेवक त्रासात असलेल्यांना ओळखून काही भेटींत समुपदेशन करतात व गरजेनुसार रुग्णालयात पाठवितात. हे उपक्रम केवळ सामाजिक चिंतेसाठी आखलेले नव्हते. मात्र आशा कार्यकर्त्या, समुदाय आरोग्य अधिकारी व आश्रमशाळांतील शिक्षक यांच्याद्वारे अशीच रचना उभी करता येऊ शकते.

तातडीची मदत

आत्मघाती विचार, मद्यावरील अवलंबित्व, खाणे-पिणे सुटणे किंवा शाळा व काम पूर्णपणे बंद होणे, अशा अवस्थेत विनाविलंब मनोविकारतज्ज्ञाकडे किंवा जवळच्या शासकीय रुग्णालयात जाणे आवश्यक आहे. टेली-मानस सेवा (१४४१६) दिवसरात्र उपलब्ध असते.

हे सुद्धा पहा

* चिंता विकार
* बोधात्मक वर्तन उपचार
* अल्बर्ट एलिस
* मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७
* जव्हार
* मोखाडा